पाठ असलेला उखाणा चालणार नाही

मे महिन्याच्या भर उन्हात, बेंजोच्या तालावर नाचणाऱ्या भल्या माणसाला दंडाला धरून बाजूला ओढायचं आणि "बायकोचं नाव घे!" म्हणून दरडावायचं, हा उद्योग अख्ख्या सोलापुरात एकच माणूस करतो. आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. शुक्रवार पेठेतले सिद्रामअप्पा.

अप्पांचं म्हणणं असं, की ऊन लागलेल्या माणसाला आपल्याला ऊन लागलंय हे कळतच नाही. "ऊन डोक्यात शिरतंय, बाई. 'मला काय बी झालं न्हाय' म्हणतंय आणि विजेच्या खांबाला नमस्कार घालतंय. मग वळकायचं कसं? उखाणा घे म्हणायचं. यमक जुळलं की डोकं गार हाय."

मला सगळी पेठ 'बाई' म्हणते, कारण मी शाळेत मराठी शिकवते. पण यमकाचा हा उपयोग मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता.

उखाण्याला नियम एकच. पाठ असलेला चालणार नाही. "पाठ केलेलं तर तापात बडबडणारा बी म्हणतोय. समोर दिसतंय त्याच्यावर जुळवा!" एकदा पेठेतल्या एका वरातीत आमचे हे सापडले. यांनी चांदीच्या ताटापासून सुरुवात केली, तर अप्पांनी तिथेच तोडलं. मग यांनी घाम पुसत जुळवलं, "वर तापलंय ऊन, खाली तापलंय डांबर, शोभाचं नाव घेतो, पुढच्याचा लावा नंबर."

"पास!" अप्पा ओरडले. "नीर कुडी! पाणी प्या!" आणि मीठ-साखर घातलेल्या लिंबूपाण्याचा तांब्या यांच्या हातात कोंबला. संसारात एवढ्या वर्षांत यांनी माझ्यासाठी केलेलं हे एकमेव काव्य, तेही डांबरावर.

जो नापास होई, त्याला अप्पा सावलीत आडवा करीत, कपडे सैल करीत, मानेवर ओला टॉवेल टाकीत. कुणीतरी कांदा घेऊन धावत येईच. "कांदा भज्याला ठेव की! आधी वारा घाल!" बिनलग्नाच्या पोरांना होणाऱ्या सासूचं नाव घ्यावं लागे. त्यावरून आमच्या पेठेत लग्नं जुळलीत, आणि मोडलीतसुद्धा.

पण कुणी म्हटलं, "अप्पा, आता तुमचं होऊन जाऊ दे," की अप्पा हात झटकत. "मी परीक्षक हाय. मास्तर कुटं पेपर लिवतंय?" त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. विषय निघालाच तर 'आमच्या घरातली' एवढंच. एकटेच राहतात. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचं पुटपुटणं ऐकू येई. मी समजत होते, पूजा चाललीय.

गेल्या मेमध्ये आमच्या मुलाचं, प्रसादचं लग्न निघालं. मुलगी वळसंगची, मुहूर्त भर दुपारचा. "अप्पांना जरा आवरा," मी यांना बजावलं होतं. कशाचे आवरतात! टेम्पोत पाण्याचे जार घालून, काळ्या कोटाची सगळी बटणं लावून, अप्पा आमच्याआधी वळसंगात हजर.

नवरदेवाला मारुतीचं दर्शन करवून वाजतगाजत मांडवात आणायचं होतं. अंतर ते केवढं! पण अप्पा दर दहा पावलांवर बेंजो थांबवत होते. शेवटी मुलीचे मामा चिडले. "अवो, मुहूर्त टळतोय की!"

"मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढतंय. नवरदेव पडला तर दुसरा कुटनं काढणार?" असं म्हणून अप्पांनी मामांचाच कोट उतरवला आणि त्यांच्याकडून मामीचं नाव वदवून घेतलं. मी म्हटलं, "अप्पा, तुमचा कोट?"

"ह्यो ऱ्हाऊ दे, बाई. ह्याच्यातच माजं लगीन झालंय."

अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि अप्पा कुठे दिसेनात. शोधायला गेले, तर जारपाशी उन्हातच बसलेले. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. कपाळ लालभडक आणि कोरडं ठणठणीत. सकाळपासून गावाला पाणी पाजलं आणि स्वतः घोटभर घेतलं नव्हतं मेल्या माणसानं!

"अप्पा, जेवायला चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कुणाकडच्या?"

"अहो, मी बाई! शेजारची!"

"मला काय बी झालं न्हाय," अप्पा म्हणाले, आणि कलंडले.

मग त्यांनीच शिकवलेलं सगळं आम्ही त्यांच्यावर केलं. यांनी कोट काढला, मी अंगावर जार रिकामा केला. मामांनी, त्याच चिडलेल्या मामांनी, सोलापूरच्या दवाखान्याकडे गाडी काढली. लेक मांडवात नि वरमाय गाडीत, असं आमचं लग्न! गाडीतला एसी पूर्ण सोडला, हे अप्पांच्या मानेवर, काखेत ओले टॉवेल बदलत होते. तोंडात मात्र थेंब घातला नाही. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजायचं नाही, हेही त्यांचंच.

"अप्पा, उखाणा घ्या!" मी म्हटलं. "अप्पा, उखाणा!" वर्गावर ओरडते तशी ओरडले. हा माणूस गेला तर त्या भिंतीपलीकडे काय ऐकायचं आपण?

वाटेतली कुंभारी मागं पडली आणि अप्पांचे ओठ हलले. पुटपुटणं. तेच, रोज सकाळचं, त्याच चालीतलं. मी कान तोंडाशी नेला.

"रांजणाचं पाणी गार, आत वाळ्याची जुडी, गौरव्वाचं नाव घेतो, मला तिचीच गोडी."

"पास!" मामा गाडी चालवता चालवता ओरडले. "पास झाले की वो!" मला तर रडूच फुटलं.

अप्पांनी हळूच डोळे उघडले. दवाखाना समोर दिसत होता. त्यांनी आधी कोट कुठे आहे ते चाचपलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नापास पोराकडे बघावं तसं कपाळाला आठी घातली.

"पास कसलं, बाई? रोज म्हणतोय की तिला. ते पाठ हाय. ते धरू नका, दुसरं विचारा."