जसाच्या तसा खडखडाट

मेकॅनिक लोक कसे फसवतात हे रिफअतला जेवढं माहीत होतं तेवढं खुद्द मेकॅनिकांनाही माहीत नव्हतं. निदान रिफअतचं म्हणणं तरी तसं होतं. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या पाटबंधारे कचेरीत तो फायली कमी हलवायचा आणि हे ज्ञान जास्त वाटायचा. "आपली पाठ वळली रे वळली की चांगला भाग काढतात आणि भंगार बसवतात. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," तो सांगायचा.

फसवणारा जन्माला येऊन पन्नास वर्षं झाली होती. त्याचं नाव अतवा. सगळे त्याला उस्ता, म्हणजे मिस्त्री, अतवा म्हणायचे आणि त्याचं गॅरेज रिफअतच्या कचेरीच्या मागच्याच रस्त्यावर होतं.

झालं असं, की रिफअतचे सासरे मितवल्लीकाका हजला निघाले. निघताना त्यांनी आपल्या जुन्या पांढऱ्या फ्रेंच गाडीची किल्ली जावयाच्या हातात ठेवली. ही गाडी म्हणजे म्हाताऱ्याचा अभिमान. 'चाळीस वर्षांत हिच्यातला एक खिळा बदललेला नाही, सगळं मूळचं आहे,' हे ते कॉफीच्या दुकानात रोज एकदा ऐकवायचे आणि दुकानातले लोक रोज मान डोलवायचे. खडखडाट मात्र असा, की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की सासूबाई मुलुखियाची भाजी गरम करायला घ्यायच्या.

"तू जाणता माणूस आहेस," काका म्हणाले. "गाडी तुझ्यावर सोपवून चाललोय. काय ते समजून घे."

रिफअतला समजायला कितीसा वेळ लागणार? "काका, निर्धास्त जा. हिच्या केसालाही धक्का लागणार नाही."

रिफअतच्या बायकोनं, सुहैरनं, घरी आल्यावर बजावलं, "हे बघ, आपण बाबांच्या माडीवर राहतो, तेही फुकट. त्यांच्या गाडीला काही झालं तर मी खाली बाबांकडे जाईन. तू गाडीत झोप."

काका परत यायची वेळ झाली. कैरोच्या विमानतळापर्यंत जायचं तर निदान इंजिनचं तेल तरी बदलावं, असं रिफअतला वाटलं. पण गॅरेजमध्ये गाडी टाकायची म्हणजे वाघाच्या तोंडात शेळी! त्यावर त्यानं उपाय काढला. सुहैरची नखं रंगवायची लाल बाटली उचलली आणि बॉनेट उघडून नळ्या, पट्टे, दांडे, जे दिसेल त्यावर एकेक ठिपका दिला. मग गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन तिथंही दिला. आता कोणी काही बदललं तर ठिपका गायब झालेला दिसेल. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की उरलेला रंग चुकून शर्टाला पुसला.

"तेल बदलायचंय," त्यानं अतवाला सांगितलं. "आणि आत मी खुणा करून ठेवल्यात. नीट बघून घे. मला सगळं कळतं."

अतवानं बॉनेट उघडलं आणि तो बघतच राहिला. "एवढं सगळं, साहेब?"

"एकूण एक."

"नक्की ना?"

"मी कच्च्या गुरूचा चेला वाटलो की काय?"

"छे हो. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही," अतवा अदबीनं म्हणाला.

कसा घाबरला, असं मनाशी म्हणत रिफअत कचेरीत गेला आणि दुपारभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत बसला.

संध्याकाळी त्यानं गाडीची किल्ली फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली.

"नका फिरवू, चालूच आहे," अतवा म्हणाला.

रिफअतनं किल्लीवरचा हात काढला. तो उतरला, बॉनेट उघडलं. आत सगळं नवंकोरं, चकचकीत. औषधालासुद्धा लाल ठिपका नाही.

"हे काय केलंस? माझे ठिपके कुठायत?"

"ठिपक्यांसकट काढलं ना सगळं. आमच्यात जे काढायचं त्यालाच लाल ठिपका देतात. तुम्ही तर काही सोडलंच नव्हतं. म्हटलं, पहिल्यांदाच कोणीतरी घरून तपासणी करून आलंय."

"जुने भाग आण परत!"

"ते भंगारात गेले."

"मग भंगारातून आण."

"आता मिळायचे नाहीत. मूळचं फ्रेंच भंगार, साहेब. लोकांनी हातोहात उचललं."

रिफअतच्या डोळ्यांपुढे म्हातारा उभा राहिला. गाडीचा आवाज तिसऱ्या गल्लीतून ओळखणारा माणूस! या मुक्या गाडीत बसताक्षणी त्याला सगळं कळणार होतं. मग माडी गेली, बायको गेली, आणि झोपायला ही गाडी राहिली.

"उस्ता, माझा संसार तुझ्या हातात आहे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "हिला पूर्वीसारखी खडखडायला लाव."

अतवानं पान्हा खाली ठेवला. तो खरोखर दुखावला होता. "मी आजवर पुष्कळ गाड्या बिघडवल्या असतील, नाही म्हणत नाही. पण मुद्दाम? चांगली चालती गाडी? तसलं पाप आमच्याकडे होत नाही."

शेवटी ते पाप दुप्पट दरानं झालं.

"आवाज कसा होता?" अतवानं विचारलं.

"आधी टक्. मग खड-खड-खड. आणि वळणावर गुडघेदुखीवाली म्हातारी उठावी तसं, उंऽऽह."

"पुन्हा करा."

रिफअतनं पुन्हा केलं. शेजारचा पंक्चरवाला येऊन उभा राहिला. तो म्हणाला, टक् नंतर येतं, मितवल्लींची गाडी त्यानं रोज ऐकलेली. भांडण झालं. पाटबंधारे खात्याचा एक जबाबदार कारकून भर रस्त्यात कण्हत, खडखडत उभा होता आणि लोक त्याला सुधारत होते. अतवानं चाकाच्या झाकणात मूठभर नट टाकले, डॅशबोर्डमागे चहाचा चमचा अडकवला, धुराच्या नळीचा एक बोल्ट ढिला केला. गाडी अशी खडखडली, की पंक्चरवाल्याचे डोळे भरून आले.

विमानतळावर काका पांढऱ्या कपड्यात, मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्याचा डबा पोटाशी धरून उभे होते. सासूबाईंसाठी आणलेल्या खजुराच्या पिशव्यांसह ते पुढच्या सीटवर बसले. गाडी निघाली. टक्. खड-खड-खड. रिफअतनं सुटकेचा निःश्वास सोडला.

"हिला काही केलंस?" काकांनी विचारलं.

"तेल बदललं. बाकी हातसुद्धा लावला नाही."

"एखादी नळी?"

"नाही."

"एखादा पट्टा तरी?"

"काका, एक खिळासुद्धा नाही."

वाटेतलं बनहा गाव आलं. मग म्हाताऱ्यानं एक लांब उसासा टाकला.

"माझ्या कमरेचा भुगा केला रे या गाडीनं. मी स्वतः दुरुस्त केली असती तर कॉफीच्या दुकानात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हटलं, जावई अतिशहाणा आहे, माझ्यामागे काहीतरी उचापत करेलच. सगळं बदलून ठेवेल, मी चार लोकांत त्याला शिव्या घालेन आणि उरलेलं आयुष्य गाडीत सुखानं बसेन. काबासमोर उभा राहून तेवढंच मागितलं मी."

रिफअतनं गाडी कडेला घ्यायचीच बाकी ठेवली. "काका, बदललंय! सगळं बदललंय! हा खडखडाट आम्ही वरून घातलाय, मुद्दाम!"

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, बाळा. चाळीस वर्षं ऐकतोय मी. हा आवाज मूळचाच आहे."

वळण आलं. गाडी कण्हली. काकांनी खजुराची पिशवी कमरेमागे सरकवली आणि डोळे मिटून घेतले.