फुटव्याची सेवाज्येष्ठता

कार्यालयाच्या वार्षिक बोन्साय स्पर्धेत झाडांची वये ठरवण्याचे काम हेडक्लार्कांकडे आले, ते त्यांना झाडांतले काही कळते म्हणून नव्हे. अधीक्षकाची खुर्ची महिनाअखेर रिकामी होणार होती, सेवाज्येष्ठतेने ती हेडक्लार्कांचीच होती आणि साहेबांना नाही म्हणण्याची ही वेळ नव्हती. नोकरीची अठ्ठावीस वर्षे त्यांनी याच खुर्चीवर डोळा ठेवून काढली होती. बायकोने तर त्या खुर्चीच्या मापाची छोटी गादीसुद्धा शिवून ठेवली होती.

आदल्या वर्षीची वय काढण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. बुंधा कापायचा आणि आतली वर्तुळे मोजायची. कॅशियरबाईंच्या लिंबाचे वय असे अगदी बिनचूक निघाले. पहिले बक्षीसही त्यालाच जाहीर झाले, पण ते घ्यायला लिंबू उरले नव्हते. बाईंनी खोडाचा तुकडा पर्समध्ये घातला आणि घरी गेल्या. त्यानंतर झाड न कापता वय काढावे, असे परिपत्रक निघाले. कसे काढावे, हे परिपत्रकात नव्हते.

पन्नास वर्षांवरची झाडे 'ज्येष्ठ वृक्ष' गटात आणि बाकीची सगळी बालगटात, अशी विभागणी होती. ढाल अर्थातच ज्येष्ठांना. साहेबांनी आणलेले डाळिंब वीतभर होते. त्यांच्या बंगल्यामागे वडिलांनी लावलेले जुने डाळिंब होते, त्याच्या बुडाशी मुळातून एक फुटवा वर आला होता. तो गेल्या वर्षी ओरबाडून काढून कुंडीत लावला होता आणि म्हातारा दिसावा म्हणून तारेने त्याची मान मुरगळून ठेवली होती.

"किती धरायचं हो याचं वय?" साहेबांनी सहज विचारले.

हेडक्लार्कांनी कुंडी फिरवून पाहिली. खरे सांगावे तर खुर्ची जाते आणि खोटे सांगावे तर त्याला नियम लागतो. नियमाचा आधार नसताना ते जन्मात कधी खोटे बोलले नव्हते. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी नियमच तयार केला. फुटवा बीपासून उगवत नाही, तो मूळ झाडाच्या मुळातून निघतो. म्हणजे त्याचा स्वतंत्र जन्मच होत नाही आणि ज्याचा जन्म नाही त्याला जन्मतारीख नाही. सबब फुटव्याचे वय मूळ झाडाच्या वयाइतके धरण्यात यावे. बीपासून वाढलेल्या झाडाचा जन्म मात्र सिद्ध असल्याने त्याचे वय त्या दिवसापासूनच मोजण्यात यावे.

साहेबांचे डाळिंब एका सहीनिशी साठ वर्षांचे झाले. कॅशियरबाईंनी यंदा चिंच आणली होती. नोकरीला लागल्या त्या वर्षी चिंचोका पेरून वाढवलेली, बोटाएवढ्या खोडावर सुरकुत्या पडलेली. ती बालगटात गेली आणि तिला रंगीत खडूंची पेटी मिळाली.

"माझं बावीस वर्षांचं आहे आणि ते कालचं आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना दिसतंय की."

"बाई, डोळे नियमात बसत नाहीत," हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाले.

साहेब इतके खूश झाले, की तो नियम त्यांनी फक्त झाडांपुरता ठेवला नाही. महिनाअखेर आदेश निघाला. साहेबांचा मुलगा, ज्याला सगळे आतापासूनच धाकटे साहेब म्हणत आणि ज्याला दिवाणखान्यातून थेट कार्यालयात येऊन जेमतेम वर्ष झाले होते, तो अधीक्षक झाला. मूळ एकच असल्याने वडिलांची पस्तीस वर्षांची सेवा त्याच्या नावावर धरण्यात आली होती. आदेशाखाली संदर्भ म्हणून हेडक्लार्कांच्याच नियमाचा उल्लेख होता.

हेडक्लार्कांचे डोके भणभणले. आयुष्यात पहिल्यांदा ते साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरले.

"साहेब, माझी अठ्ठावीस वर्षं झाली हो."

"तुम्ही नोकरीला कसे लागलात?"

"परीक्षा देऊन."

"म्हणजे बीपासून," साहेब हळहळून म्हणाले. "बालगट."

बाहेर आल्यावर त्यांना कॅशियरबाई दिसल्या. ड्रॉवरमधून रंगीत खडूंची पेटी काढून त्यांनी ती हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवली.

घरी येऊन ते बराच वेळ त्या गादीकडे बघत बसले. संताप होता, अपमान होता आणि आपला नियम इतका पक्का निघाल्याचा थोडा अभिमानही होता, हे नाकारता येणार नाही. हा सरळ सरळ अन्याय आहे, असे ते बायकोला तीनतीनदा म्हणाले.

"अहो, पण मूळ तर तुमचंही आहे," बायको गादी झटकत म्हणाली. "आपला बाळू रिकामाच बसलाय ना घरी?"

हेडक्लार्कांनी चमकून वर पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलाला साहेबांपुढे उभे केले. कारकुनाच्या जागेसाठी झालेल्या परीक्षेत कॅशियरबाईंची मुलगी पहिली आली होती, पण परीक्षा दिल्यामुळे ती बीपासून ठरली. बाळूकडे अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता. बाळू बिचारा प्रामाणिक निघाला. वाटेत म्हणाला, "बाबा, मला यातलं काहीच येत नाही."

"फुटव्याला काही यावं लागत नाही रे. सरळ उभा राहा आणि मान जरा वाकव."

बाळू गादी काखोटीला मारून कामावर रुजू झाला. त्या दिवसापासून हेडक्लार्कांनी अन्याय हा शब्द उच्चारलेला नाही. उलट या पद्धतीत थोडे गुण आहेत, असे ते चारचौघांत सांगतात.

तुम्हाला त्यांचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त जरा आठवून बघा, मागे कुणी तुमची ओळख विचारली तेव्हा 'आमचं घराणं फार जुनं' हे तुम्ही स्वतःचे काम सांगण्याआधी सांगितले होते, की नंतर?