बढतीची बाजरी

जावईबापू शेती खात्यात सहायक होते आणि त्यांची बढती सासऱ्यांच्या बाजरीवर अडली होती. 'वेळेवर पेरणी, बेताचं खत' असं प्रात्यक्षिक करायचं, साहेब पाहायला येणार, पीक नजरेत भरलं की काम झालं. सासऱ्यांनी शेताचा तुकडा लगेच दिला. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

ओल बघून पेरणी वेळेवर झाली, पेरतानाच अर्धा युरिया पडला. "उरलेला अर्धा महिन्याभराने, खुरपणी झाल्यावर," जावईबापूंनी फोनवर घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बजावलं.

सासऱ्यांनी तो दिला. केलेलं काम बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सासूबाईंचा नवऱ्याच्या आठवणीवर लग्नापासूनच भरवसा नव्हता. जावयापुढे नाचक्की नको म्हणून त्यांनी गुपचूप आणखी एक पोतं आणवून टाकलं. मेव्हण्याचा भरवसा दोघांवरही नव्हता, म्हणून त्यानेही एक टाकलं. जावईबापूंना विचारायचा धीर होईना, कारण विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. ते रविवारी सहज म्हणून आले आणि आपल्या हाताने खत देऊन गेले.

बाजरी अशी माजली की आत शिरलेल्या माणसाला हाका मारून शोधावं लागे. साहेब यायच्या आदल्या दिवशी जरा वारं सुटलं आणि सगळं पीक आडवं झालं.

"हे कशाने झोपलं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्यामुळे," सासरे म्हणाले. "खत मी दिलं होतं."

"तुम्ही दिलं होतं? मग मी कशाला कंबर मोडून घेतली?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू पण?" मेव्हण्याने कपाळाला हात लावला.

"रविवारी मी पण," जावईबापू जमिनीकडे बघत म्हणाले. बढती गेली, हे त्यांना कळून चुकलं होतं.

साहेबांनी पिकाचे चारही बाजूंनी फोटो काढले. "जादा खत घालू नका म्हणून सांगताना माझी जीभ झिजली. त्याचा परिणाम इतका स्पष्ट अजून कुणी दाखवला नव्हता. पुढच्या हंगामात अस्संच पुन्हा करा, लोकांना बोलावू. बढतीचं मी बघतो."

पुढच्या हंगामात जावईबापूंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "या वेळी हात आखडू नका." सगळे हो म्हणाले. सासऱ्यांनी बेताचं खत दिलं, पण जास्तीचं टाकायला हात धजेना. बाकीचे टाकतीलच, असं म्हणून ते घरी आले. सासूबाईंनीही तोच विचार केला. मेव्हण्याला विचार करायचीही गरज वाटली नाही. जावईबापू पोतं घेऊन बांधापर्यंत गेले, पण नोकरीभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून सांगितलं ते करवेना. पोतं घेऊन ते परत आले.

साहेब लोकांना घेऊन आले तेव्हा बाजरी ताठ उभी होती. कणसं टपोऱ्या दाण्यांनी गच्च भरली होती. लोक वाकून वाकून कणसांकडे बघत होते आणि साहेब जावईबापूंकडे. जावईबापू बांधावर डोकं धरून बसले.

सासरे हळूच जवळ आले.

"माफ करा, जावईबापू," ते म्हणाले, "पीक चांगलं आलं."