भेकरीची गाळणी

एका जंगलात, मुलांनो, एक दवाखाना होता. डॉक्टर होते साळिंदर. रक्त काढायला सुई लागायची नाही. पाठीवरचा काटा उपटला की काम भागायचं.

आपल्या पोटात रक्ताची गाळणी असते. तिला मूत्रपिंड म्हणतात. ती किती चालते हे ठरवायला डॉक्टरांकडे एक सूत्र होतं. अंगातल्या मांसाचा कचरा रक्तात उतरतो, तो मोजायचा. कचरा कमी, तर गाळणी उत्तम. सूत्र गव्यांवर तपासून पक्कं केलेलं होतं.

एकदा तानी नावाची भेकरी, चिमुकली हरिणी, आली. पाय सुजलेले, अन्नावरची वासना उडालेली. सोबत थोरली बहीण सोनाक्का.

"गाळणी शंभरात सत्तर," डॉक्टर म्हणाले. "मजेत राहा."

"मजेत? पाणी ठरत नाही हो तिच्या पोटात."

"सूत्र सांगतंय."

पुढच्या खेपेला तानीच्या बरगड्या दिसत होत्या. आकडा आला नव्वद.

"बघा, सुधारणा."

"डॉक्टरसाहेब, अंगावर मांसच उरलं नाही, तर मांसाचा कचरा येईल कुठून?"

डॉक्टरांनी सूत्र पुन्हा वाचलं. "हा प्रश्न सूत्रात बसत नाही."

"मग दुसरी रीत करा. दिवसभराची लघवी साठवून तपासतात ना? मी मडकं आणलंय."

"वास येतो, सोनाक्का. शिवाय मडकं सांभाळणार कोण?"

"मी सांभाळते."

"नातेवाइकांचं मडकं शास्त्रात धरत नाहीत."

गाळणी बिघडलेल्यांचं रक्त धुण्याची खाट एकच होती. तिच्यावर एक गवा रवंथ करत पडला होता. मांस भरपूर, म्हणून कचरा भरपूर, म्हणून आकडा वाईट.

"मला काही झालेलं नाही," तो सोनाक्काला म्हणाला. "खाट घे खुशाल. हेच सोडत नाहीत."

"नव्वदवालीला खाट दिली तर लोक काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाले.

तानी गेली त्या सकाळी आकडा शंभर आला. जंगलात तेवढा कुणाचाच आला नव्हता. डॉक्टरांनी तो दवाखान्याच्या दारावर लावला आणि सोनाक्काच्या पाठीवर हात ठेवला.

"गाळणी ठणठणीत होती, एवढं समाधान माना."

मडकं शेवटी कामी आलं. सोनाक्कानं ते स्मशानात फोडलं.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडायचंच असेल तर आधी चांगलं खाऊन-पिऊन अंगावर मांस चढवा. हाडकुळ्यांची तब्येत कायम उत्तम असते, मरेपर्यंत.