आशीर्वाद मिळालेली लाल गाडी

एगेमबेर्दीने आयुष्यात एकही निर्णय घाईत घेतला नव्हता, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला घाईघाईने सांगत असे. तीस वर्षं काराकोलच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस! मोजे घ्यायचे असले तरी बाजाराच्या दोन फेऱ्या. एक निरीक्षणाची, एक खरेदीची. बुरुलला मागणी घालायला त्याने एवढा वेळ लावला होता, की शेवटी तिच्या आईनेच निरोप पाठवला, "मुलगी अजून आहे तशीच आहे की म्हातारी झाली, ते तरी येऊन बघून जा!"

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी गेना मेकॅनिकची लाल स्पोर्ट्स कार फाटकाबाहेर उभी करून तो घरात शिरला, तेव्हा बगलेत वही होतीच.

"विकत घेतलेली नाही!" त्याने उंबऱ्यातूनच जाहीर केलं. "नुसतं निरीक्षण! तीन वाजता गेना येईल. तोवर मी शास्त्रीय पद्धतीने ठरवणार."

बुरुल कणीक तिंबत होती. "आणि शास्त्र म्हणालं, घ्या, तर?"

"तर आपली जुनी लांब गाडी त्याला द्यायची. आणि..."

"आणि?"

"...आणि तार्गिल."

कणकेवर चालणारे हात थांबले. तार्गिल म्हणजे गाय. अंगावर वाघासारखे पट्टे, स्वभावही साधारण तसाच, फक्त बुरुलच्या हाताखाली मांजर. घरातल्या पाचही नातवंडांना रोज सकाळी पांढऱ्या मिशा फुटायच्या त्या तिच्याच दुधाने.

"तुम्ही ठरवा," बुरुल म्हणाली.

चौतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द तिने तीनदाच उच्चारले होते, आणि तिन्ही वेळा नंतर छप्पर दुरुस्त करावं लागलं होतं!

एगेमबेर्दी अंगणात जाऊन बसला. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं: घ्यावी, कारण एक, लाल आहे. दोन, इंजिनाचा आवाज. तीन, मी साठ वर्षांचा आहे. उजवीकडे लिहिलं: घेऊ नये, कारण एक, गाडीत जागा दोन, घरात माणसं नऊ. दोन, तार्गिल.

उजवीकडचा तिसरा मुद्दा लिहिणार, एवढ्यात फाटकाबाहेरून किंकाळी आली.

"अगं बाई! बुरुलताई! मी नाही हं बघितली! मी डोळे मिटलेत!"

शेजारची सायरागुल. एका हाताने डोळे झाकलेले, दुसरा हात फाटक चाचपतोय. नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर बघणावळ द्यायची, रिकाम्या हाताने बघायची नाही, ही रीत सायरागुल काटेकोर पाळायची. ती तशीच आंधळी घरी गेली, वाटेत दोनदा कुंपणाला धडकली, आणि जर्दाळूंची बादली घेऊन परत आली. मग कुठे डोळे उघडले.

"एगेमदादा! या वयात! शोभते हो तुम्हाला!"

"सायरागुल, ऐक, मी अजून..."

पण सायरागुल निघून गेली होती. सायरागुलला बातमी सांगायला फोन लागत नसे. ती नुसती गल्लीतून चालत गेली तरी पुरे.

अर्ध्या तासात अंगणात तेवीस माणसं जमली! कुणी चॉकलेटांचा डबा आणला, कुणी रेशमी रुमाल, कुणी जिवंत कोंबडी. बघणावळीचा ढीग बुरुलच्या ओट्यावर चढत चालला, आणि एगेमबेर्दी एकेकाला कोपरा धरून बाजूला घेत होता. "अहो, मी फक्त निरीक्षण..." "हो हो," म्हणत लोक त्याची पाठ थोपटत होते. नवी गाडी आली की माणूस थोडा भांबावतोच!

मग गर्दी आपोआप दुभंगली. तोलोमुश आबा आले. वय एक्याऐंशी, गल्लीतले सर्वांत वडील, डोक्यावर पांढऱ्या फेल्टची हातभर उंच टोपी. आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला काठी टेकवून बघितली. आणि काही कळायच्या आत दोन्ही तळवे आकाशाकडे उघडून आशीर्वाद सुरू केला!

आता मोठ्यांनी तळवे उघडले की बाकीच्यांनी उघडायचे. आणि मध्ये बोलायचं नाही. मध्ये शिंकसुद्धा यायला नको असते. एगेमबेर्दीने तळवे उघडले आणि मनाशी ठरवलं, आबा श्वास घेतील तेव्हा सांगू. आबांनी श्वास घेतलाच नाही! रस्ते पांढरे, शुभ होवोत, चाकं न थकोत, घाटात धुकं न लागो, मालकाला आणखी नातवंडं होवोत, त्या नातवंडांना घोडे मिळोत... मग एकदम "ओमीन!" तेवीस जणांनी तळवे चेहऱ्यावरून खाली ओढले. चोविसावा एगेमबेर्दी. सवयीने!

दारातून बुरुल बघत होती. "घेतलीत म्हणायची."

"अगं, मी फक्त हात वर केले!"

"लग्नातसुद्धा तुम्ही एवढंच केलं होतं."

आबांनी काठी आपटली. "मेंढा कुठाय?"

मेंढा गोठ्यामागे होता. फार वेळ नव्हता. दहाच्या सुमाराला मोठी कढई चुलीवर चढली, आणि एगेमबेर्दी तिच्या वाफेकडे बघत उभा राहिला. अख्ख्या गल्लीसमोर आबांचा आशीर्वाद घेतला, मेंढा कापला. आता तीन वाजता "नको" म्हणायचं? त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं! आणि गाव सोडायचं तर सामान न्यायला ती लांब गाडीच लागणार! त्याने गोठ्याकडे बघितलं. तार्गिलनेही बघितलं. एगेमबेर्दीनेच आधी नजर खाली घातली.

मांस शिजतंय तोवर पहिली फेरी. तिचा मान अर्थातच आबांचा.

गाडी जमिनीपासून वीतभर वर. आबांना आत बसवायला चार माणसं लागली. दोन ढकलायला, एक पाय दुमडायला, एक माफी मागायला. टोपी काढायला ते तयार होईनात. "बहात्तर सालापासून ती मी झोपतानाच काढतो!" शेवटी छपरातली खिडकी सरकवली, आणि टोपी तिच्यातून बाहेर आली. गल्लीतून निघालेली लाल गाडी, वर पांढरं शिखर! कुत्री भुंकायला आली आणि बघून गप्प झाली.

गाडी जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे. गाड्या धावतात तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने. पुढे ट्रॅक्टर आला, की त्याच्यापलीकडचं एगेमबेर्दीला काही दिसेना. दिसायचं ते डावीकडे बसलेल्या आबांना.

"आबा, समोरून कोणी येतंय का?"

"येतोय."

"कोण?"

"कालमुरातचा धाकटा. याच्या बापाने माझं खोगीर नेलं होतं. एकोणीसशे सत्याऐंशी साली."

"गेला का, आबा?"

"बाप? कधीच गेला. खोगीर नाही आलं."

"गाडी, आबा! गाडी गेली का?"

"ती मघाशीच गेली. आता मागून त्याचा मेहुणा येतोय."

अशा रीतीने ताशी दोनशेच्या वर पळू शकणारी ती गाडी झऱ्याच्या पुलापर्यंत ट्रॅक्टरच्या मागे गेली आणि ट्रॅक्टरच्याच मागे परत आली. फाटकापाशी एगेमबेर्दी थांबणार, तोच आबा कडाडले, "बाहेर? आशीर्वादाची गाडी बाहेर ठेवतात? आत घे!"

फाटकापुढे पाण्याचा पाट, पाटावर उंचवटा करून घातलेली फरशी. लांब गाडी त्यावरून म्हशीसारखी डुलत जायची. लाल गाडी अर्ध्यात पोहोचली, खालून 'खर्रर्र' झालं, आणि ती पोटावर बसली! नाक अंगणात, शेपूट गल्लीत, आणि दोन्ही लांबलचक दारं नेमकी फाटकाच्या दोन खांबांमध्ये. बोटभरसुद्धा उघडेनात!

"उचलूया!" माणसं धावली.

"थांबा!" छपरातून टोपी म्हणाली. "मांस शिजलं का?"

शिजलं होतं. आणि इथेच सगळी अडचण. मुंडकं सर्वांत वडील माणसापुढे ठेवायचं, त्यांनी कापून वाटायचं, त्याआधी कुणी घास उचलायचा नाही. अंगणात तीस माणसं भुकेली, वडील माणूस गाडीत बंद!

बुरुलने क्षणभर विचार केला आणि परात छपरातून आत सोडली.

एगेमबेर्दीच्या मांडीवर परात, परातीत मुंडकं, आबांच्या हातात सुरी. आबा शांतपणे कापत होते आणि छपरातून एकेक वाटा वर जात होता. "हा कान लहानग्यांना. हे टाळूचं सुनेला." रस्सा वाडग्यातून आला. थोडा वाडग्यातून, थोडा बाहेरून.

एवढ्यात गल्लीच्या बाजूने गेनाचा आवाज आला. तीन वाजले होते.

"एगेम! हे काय? ती... ती अशी लटकलीय का?"

"गेना," एगेमबेर्दी आतून क्षीण आवाजात म्हणाला, "मी गाडी घेतली. घ्यावीच लागली. गाय घेऊन जा."

बुरुलने गोठ्यातून तार्गिलला सोडून आणलं, दावं स्वतःच्या हाताभोवती दोनदा गुंडाळलं आणि फाटकाच्या आत उभी राहिली. एगेमबेर्दीला समोरच्या काचेतून दोघी दिसत होत्या. वहीतला उजवीकडचा तिसरा मुद्दा त्याला तेव्हा सुचला. फार उशिरा!

पण गेनाचं गाईकडे लक्षच नव्हतं.

"चरबी!" तो ओरडला. "सीटवर चरबी! बाजूला व्हा सगळे! बंपरला धरू नका, ते नाजूक आहे! तिथे नाही, खालून! हळू!" आठ जणांनी गाडी उचलली, आणि गेना आजारी नात असावी तसा तिच्या बाजूने चालत मागे आला. गाडी गल्लीत टेकली. त्याने खिशातला धुतलेला रुमाल काढला आणि आबांना बाहेर काढायच्या आधी आरसा पुसला.

तीस वर्षांच्या शिक्षकाला निरीक्षण करायला एवढं पुष्कळ होतं.

"गेना, खरं सांग. तुला ही विकायची आहे का?"

गेना गुडघ्यावर बसून गाडीचं पोट तपासत होता. "माझी बायको ल्युदा म्हणते, अकरा वर्षांत या गाडीने कधी लिटरभर दूध दिलंय का?" त्याने नाक पुसलं, त्याच रुमालाने. "या अकरा वर्षांत हिच्यासाठी एकानेही कधी प्रार्थना केली नाही, एगेम. आणि तुमच्याकडे मेंढा! आजोबा, तो आशीर्वाद... गाडीबरोबर जातो का?"

सगळी गल्ली आबांकडे बघू लागली. आबांनी दाढीतलं मांस काढून खाल्लं. विचार केला.

"चाकांना दिलाय. चाकं जातील तिथे जाईल."

एगेमबेर्दीच्या छातीवरून जणू ट्रॅक्टर उतरला! त्याने गेनाला मिठी मारली, आबांना मिठी मारली, आनंदाच्या भरात तार्गिललाही मारणार होता, पण तिने शिंग दाखवलं. बुरुलने हातावरचं दावं सोडलं. मनगटावर लाल वळ उठला होता. तो बघून एगेमबेर्दीचा चेहरा असा काही पडला, की तिलाच हसू आलं. तिने गेनाच्या हातात दुधाची भरलेली बरणी दिली. "ल्युदाला द्या. आठवडाभर रोज न्या. म्हणावं, गाडीने दिलं."

लाल गाडी गल्लीच्या वळणावरून गेली. माणसं पांगायला लागली.

"थांबा," आबा म्हणाले. "मेंढा या दारात कापला. बघणावळ या घरात आली. मग वाहन कुठाय?"

आबांनी पुन्हा काठी आपटली.

"गुरुवारपर्यंत या फाटकातून चाकं आत आली पाहिजेत. नाहीतर आपण सगळ्यांनी फुकट खाल्लं असं होईल!"

"येतील, आबा," बुरुल म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बुधवारी ती बाजारात गेली. एकच फेरी. आणि घेऊन आली ती शेण वाहायची नवीकोरी हातगाडी. लाल! एका चाकाची, छप्पर नसलेली, दारांचा प्रश्नच नाही. पाटावरच्या फरशीवरून टुणकन आत आली. सायरागुल डोळे झाकून पुन्हा घरी पळाली.

पहिल्या फेरीचा मान आबांचा. चार माणसं लागली नाहीत. आबा मागे टेकून बसले, टोपी सरळ आभाळात. एगेमबेर्दीने मुठी धरल्या आणि गल्लीत निघाला. समोर तार्गिल रवंथ करत, रस्ता अडवून, रमतगमत चरायला निघाली होती.

"आबा, समोरून कोणी येतंय का?"

आबांनी मान लांब केली. "कोणी नाही. काढ पुढे!"

आणि एगेमबेर्दीने आयुष्यात पहिल्यांदाच घाईत निर्णय घेतला, आणि गाईला ओव्हरटेक केलं!