मासेमारीचा मुद्दा

ओडेसा प्रुइटच्या टेबलावर गुरुवारी सकाळी पुठ्ठ्याचे दोन फोल्डर पडले होते आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे होते. एकात रिटायर होणाऱ्या व्हर्जिलच्या निरोपाचं कार्ड होतं, दुसऱ्यात तिचं वॉशिंग्टनला जाणारं अपील. ते सारखे का होते, तर प्रामाणिकपणामुळे. सेंट लुईसच्या त्या सरकारी कचेरीत केक, कार्ड आणि फुगे यांवर सरकारचा एक सेंटही खर्च करायची बंदी होती. आणि सरकारविरुद्धच्या अपिलाला सरकारी फोल्डर वापरायची बंदी ओडेसानं स्वतःच स्वतःवर घातली होती. त्यामुळे दोन्ही फोल्डर तिनं आपल्या पैशानं, एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून आणले होते. एक जरी चोरलेला असता तरी पुढचा गोंधळ टळला असता.

ही कचेरी पाट्यांची. सरकारी इमारतींमध्ये ‘बाहेर जाण्याचा मार्ग’, ‘धूम्रपान करू नये’, ‘येथे उभे राहू नये’ अशा ज्या पाट्या असतात, त्या इथे तयार व्हायच्या. ओडेसा इथली सगळ्यात जुनी पाटीवाली. सगळे तिला मिस ओडेसा म्हणायचे. कुणी रिटायर होवो, कुणाला मूल होवो, केक तिनंच आणायचा आणि कार्ड तिनंच फिरवायचं, असा अलिखित कायदा होता.

मग पाट्या कापायचं नवीन मशीन आलं. ते शिकायला डेन्व्हरला माणसं पाठवायची होती. ओडेसानं पहिल्याच दिवशी नाव दिलं. कचेरीचे प्रमुख लोवेल हेंडरशॉट यांनी दोन पोरसवदा कारागीर पाठवले आणि तिला प्रेमानं समजावलं, “मिस ओडेसा, या वयात कशाला उगाच दगदग? तुमची आता निवांत बसायची वेळ.”

ओडेसा एकसष्ट वर्षांची होती आणि निवांत बसायचा तिला मनापासून कंटाळा होता. तिनं वयावरून भेदभाव झाल्याची रीतसर तक्रार केली. खात्यानं स्वतःची चौकशी स्वतःच केली आणि आपण निर्दोष असल्याचं स्वतःलाच कळवलं. आता उरलं होतं वॉशिंग्टनच्या कार्यालयाकडे अपील. त्याची मुदत आज संपत होती. आजचा पोस्टाचा शिक्का पाकिटावर बसला तर अपील जिवंत, नाहीतर तक्रार, मशीन आणि डेन्व्हर, सगळ्यावर पाणी. संगणकावरून अपील पाठवायची सोय तेव्हा अजून यायची होती. फॅक्सचं मशीन होतं, पण ते हेंडरशॉटच्या केबिनमध्ये, त्यांच्या कोपराजवळ.

शेवटच्या दिवसापर्यंत कशाला थांबायचं, असं युनियनची रोझलिंड तिला रोज विचारत होती. पण कारणांची पानं ओडेसा रोज नव्यानं लिहीत होती. आयुष्यभर दोन-तीन शब्दांच्या पाट्या केलेल्या बाईला सविस्तर लिहायची संधी प्रथमच मिळाली होती.

अकराच्या सुमारास ती पाकिटावर पत्ता आणि तक्रारीचा क्रमांक घालत होती, तेवढ्यात हेंडरशॉट आले. त्यांना कार्ड बघायचं होतं. म्हणजे कार्डावरचा स्वतःचा मजकूर बघायचा होता. सोमवारी सगळ्यात आधी, बरोब्बर मध्यभागी, मोठ्या अक्षरात त्यांनी तो लिहिला होता आणि तेव्हापासून रोज एकदा येऊन ते तो मोठ्यानं वाचून दाखवत होते. आजही वाचला. “व्हर्जिल, साठी उलटलेल्या माणसाला नवीन मशीन शिकवण्यापेक्षा मासे पकडायला पाठवावं, हेच खरं प्रशासन.”

आजूबाजूचे हसले. पगाराचा प्रश्न होता. ओडेसाही हसली, दाताचा डॉक्टर ‘दुखलं का’ विचारतो तेव्हा आपण हसतो तशी. हसताना तिनं अपिलाचा फोल्डर पटकन वहीखाली सरकवला. हेंडरशॉटनी कार्ड परत फोल्डरमध्ये टाकलं, वही उचलून बाजूला ठेवली, दोन्ही फोल्डर एकावर एक रचले, त्यांवर हात टेकून अजून दोन विनोद केले आणि गेले. ओडेसाला आता पाकीट बंद करायची घाई झाली होती. तिनं न उघडताच एक फोल्डर पाकिटात सारला, पाकीट चिकटवलं, दुसरा फोल्डर सह्यांसाठी खालच्या मजल्यावर रंगखात्यात पाठवून दिला आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून आली. पावती तिनं पर्समध्ये बायबलशेजारी ठेवली. आयुष्यातलं मोठं काम वेळेत झालं म्हणून तिनं स्वतःला एक आइस्क्रीमही खाऊ घातलं.

दुपारी रंगखात्यातून फोल्डर परत आला. कुणी घाणेरडा विनोद तर लिहिला नाही ना, हे बघायला तिनं तो उघडला.

आत तिचं अपील होतं.

रंगखात्यानं त्यावर मनापासून सह्या केल्या होत्या. ‘भेदभावाचे कारण’ या रकान्यात ‘वय’ असं तिनं लिहिलं होतं, त्याखाली कुणीतरी निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘वयाचं काय एवढं, मन तरुण पाहिजे.’ ‘आपणांस काय हवे आहे?’ या रकान्यात होतं, ‘भरपूर झोप.’ एकानं समासात माशाचं चित्र काढलं होतं. वाचलं कुणीच नव्हतं. कार्ड वाचायचं नसतं, मोकळी जागा शोधायची असते, हे सरकारी नोकरीत पहिल्या महिन्यातच कळतं.

फक्त वर छापलेलं ‘ओडेसा प्रुइट’ आणि त्याखालचं ‘अंतिम निर्णय’ तेवढं सगळ्यांनी वाचलं होतं. त्यावरून रंगखात्यानं दोन निष्कर्ष काढले. एक, मिस ओडेसापण रिटायर होतायत. दोन, सरकारनं काटकसर म्हणून निरोपाची कार्डंही आता फॉर्मवर काढलीत.

ओडेसानं रोझलिंडला फोन लावला. रोझलिंडनं आधी ऐकून घेतलं, मग फोन बाजूला ठेवून हसून घेतलं, मग म्हणाली, “म्हणजे वॉशिंग्टनला काय गेलं?”

“व्हर्जिलचं कार्ड.”

“अगं, मग हातात आहे ते तसंच पाठव. माशासकट. पाच वाजायच्या आत. पोस्ट समोर तर आहे.”

ओडेसा फोल्डर छातीशी धरून निघाली आणि दारातच हेंडरशॉटना धडकली. रंगखात्याची बातमी वर पोचली होती. हेंडरशॉटच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा पाहुणे जायला उठल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर असतो. आपल्याविरुद्ध तक्रार करणारी बाई आपणहून चालली होती.

“मिस ओडेसा, मला सांगायचं तरी.”

“मी रिटायर होत नाहीये, मिस्टर हेंडरशॉट.”

“सगळे असंच म्हणतात,” हेंडरशॉट मायेनं म्हणाले आणि तिचा दंड धरून तिला मीटिंगच्या खोलीत घेऊन गेले.

तिथे सगळी कचेरी जमली होती. व्हर्जिलचा उद्याचा कार्यक्रम आजच उरकायचं ठरलं होतं, एका खर्चात दोन निरोप. केक ओडेसानंच सकाळी आणून फ्रीजमध्ये ठेवला होता. त्यावरच्या ‘व्हर्जिल’च्या खाली कुणीतरी चॉकलेटनं ‘आणि ओडेसा’ असं बारीक अक्षरात कोंबलं होतं. पाटीवाल्यांच्या कचेरीत शेवटची अक्षरं काठावरून खाली उतरली होती.

तिनं तीनदा उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं तिला रडू येतंय. दुसऱ्यांदा वाटलं ती भाषण करणार, म्हणून टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा हेंडरशॉट स्वतःच भाषणाला उभे राहिले. ते खात्याच्या स्थापनेपासून सुरुवात करायचे. ओडेसानं एका हातानं फोल्डर छातीशी धरून दुसऱ्या हातानं केक कापला. खिडकीतून पोस्ट दिसत होतं. पोस्टाचं घड्याळही दिसत होतं. भाषणात आता पहिली पितळी पाटी येत होती.

व्हर्जिल शेजारी सरकला. तो भला माणूस. केक त्याच्या मिशीला लागला होता. हळूच म्हणाला, “ओडेसा, माझं कार्ड कुठाय गं? सगळे म्हणतात सही केली, पण दिसत तर नाही.”

ओडेसाला खोटं बोलता येत नसे. “वॉशिंग्टनला गेलंय.”

“वॉशिंग्टनला?” व्हर्जिलचा घास तोंडातच राहिला. “म्हणजे वरच्यांची सही?”

“शिक्का तरी नक्की बसेल,” ओडेसा म्हणाली.

व्हर्जिलनं डोळे पुसले आणि तिच्या हातावर थोपटलं. ते सद्गदित दृश्य पाहून हेंडरशॉटनी भाषण आवरतं घेतलं, पुढे आले आणि तिच्या छातीवरचा फोल्डर अलगद काढून घेतला. “माझी सही राहिलीय ना यावर.”

ओडेसानं फोल्डर परत घ्यायला हात पुढे केला. हेंडरशॉटनी चष्मा कपाळावरून खाली घेतलाच नाही. मोकळी जागा दिसली, तिथे त्यांनी झोकात लिहिलं, ‘अगदी योग्य वेळी टाकलेलं योग्य पाऊल.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सवयीनं तारीख. मग फोल्डर तिच्या हातात दिला, त्यावर उरलेल्या केकचा डबा ठेवला आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

ती धावत रस्ता ओलांडून गेली तेव्हा पोस्टाचं दार बंद होत होतं. आतल्या माणसानं काचेतून हात हलवला, नाही म्हणून. शहरातलं मोठं पोस्ट उशिरापर्यंत उघडं असायचं. रोझलिंड गाडी घेऊन आली, पण बेसबॉलची मॅच नुकतीच सुटली होती आणि लाल टोप्या घातलेलं अर्धं शहर त्यांच्या पुढे होतं. संघ जिंकला होता, त्यामुळे कुणालाच घरी जायची घाई नव्हती. मोठ्या पोस्टाशी पोचल्या तेव्हा तिथलंही शटर खाली आलेलं. दोघी गाडीत बसल्या आणि ओडेसाच्या मांडीवरच्या डब्यातला उरलेला केक हातानं खाल्ला. ‘आणि ओडेसा’ असा तो तुकडा होता.

“उद्या टाक तरी,” रोझलिंड म्हणाली. “उशीर तर उशीर. सोबत चिठ्ठी लिही.”

शुक्रवारी ओडेसानं अपील टाकलं. चिठ्ठीत तिनं जे झालं ते सगळं खरं लिहिलं, केकच्या अक्षरांसकट. मग ती आपल्या जुन्या मशीनवर बसली आणि हेंडरशॉट रोज येऊन तिच्या शेवटच्या दिवसाची चौकशी करू लागले.

महिनाभरानं वॉशिंग्टनचं पत्र आलं. रोझलिंडनं ते मोठ्यानं वाचलं आणि मग परत एकदा वाचलं, कारण ओडेसाचा विश्वास बसत नव्हता. अर्जदाराचं पाकीट मुदतीत मिळालं होतं. पाकिटावर नाव, तक्रारीचा क्रमांक आणि मुदतीतला शिक्का होता. अपील अमुकच नमुन्यात असावं असं नियमात कुठेही म्हटलेलं नसल्यामुळे सोबतचं कार्ड हेच अपील म्हणून दाखल करून घेण्यात येत होतं. दुसऱ्या दिवशी टाकलेले कागद हे त्याचं पुरवणी निवेदन समजण्यात येत होतं. कचेरीच्या प्रमुखांनी स्वतः ‘योग्य वेळी’ असा शेरा दिल्याचीही नोंद घेतली होती. शेवटी एक ओळ होती, ‘अपिलात उपस्थित केलेला मासेमारीचा मुद्दा या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.’

बाकीचा मजकूर मात्र कक्षेत येत होता. अपिलाची प्रत उत्तरासाठी खात्याकडे गेली. खात्याच्या वकिलाचा हेंडरशॉटना फोन आला. वकिलाला एवढंच विचारायचं होतं की कार्डाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरात जे लिहिलंय, ते आपलंच अक्षर का. त्यानंतर हेंडरशॉटनी तो विनोद कुणालाच वाचून दाखवला नाही.

वॉशिंग्टनला कधी घाई नसते. निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. पण आला तो ओडेसाच्या बाजूनं आला. तिला डेन्व्हरला पाठवायचं होतं, खात्याच्या खर्चानं. आणि या कचेरीत वयावरून भेदभाव झाल्याचं सिद्ध झालं आहे, अशी सूचना सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची होती.

व्हर्जिलला त्याचं कार्ड त्याच सुमारास मिळालं. त्यावर वॉशिंग्टनचे एकूण तीन शिक्के होते, एक गोल, दोन चौकोनी. त्यानं ते फ्रेम करून तळ्याकाठच्या घरात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, एवढे शिक्के आमच्या साहेबांच्या कार्डावरसुद्धा बसायचे नाहीत.

ओडेसा डेन्व्हरहून परतली त्या सोमवारी ती पहाटेच कचेरीत आली. हेंडरशॉट आले तेव्हा त्यांच्या केबिनच्या दारासमोर नवी पाटी लागली होती. निकालातली सूचना, शब्द न् शब्द, पांढऱ्यावर लाल, जिन्याच्या खालच्या पायरीवरूनही वाचता येईल अशी. अक्षरं देखणी होती आणि एकही काठावरून खाली उतरलं नव्हतं.

हेंडरशॉटनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. या वेळी त्यांनी चष्मा खाली घेतला होता.

“मिस ओडेसा,” ते म्हणाले, “अक्षरं जरा लहान करता आली नसती का?”

“नवीन मशीन आहे, मिस्टर हेंडरशॉट,” ओडेसा म्हणाली. “या वयात शिकायला जरा वेळ लागतोच.”