केटल निवड समितीचा कार्यकाळ

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुख्यतः भांड्यांचा इतिहास आहे. उत्खननात राजे सापडत नाहीत, खापरं सापडतात. आणि त्या खापरांत काय शिजलं होतं यावर विद्वानांचं आजवर एकमत झालेलं नाही. यावरून आत काय शिजतं यापेक्षा भांडं महत्त्वाचं, हे सिद्ध होतं. ॲरिझोनातल्या चँडलर गावी राहणाऱ्या गुरुनाथला हे सत्य जन्मतःच ठाऊक असावं.

गुरुनाथ चिप बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर. शेजारचा निमिष हा त्याचा अकरा वर्षांपासूनचा मित्र. (दोघांच्या गॅरेजचे कोड एकमेकांना पाठ होते. याहून जवळचं नातं त्या सोसायटीत कुणाचं नव्हतं.) मार्चमध्ये निमिषला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी गावी नोकरी लागली आणि ऑगस्टअखेर तो जाणार असं ठरलं. गुरुनाथला वाईट वाटलं. पण अशा वाटण्याबद्दल बोलायची पद्धत नसल्यामुळे तो म्हणाला, "माझ्या हातची बिअर प्यायल्याशिवाय तुला सोडत नाही, यार!"

बिअर करणं सोपं आहे. मोड आणून वाळवलेल्या सातूचं पाणी काढायचं, ते हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, गार झालं की यीस्ट घालायचं आणि चार आठवडे गप्प बसायचं. हाताशी पाच महिने होते. प्रश्न एकच, उकळायचं कशात? बिअरवाले ज्याला केटल म्हणतात ते चहाचं भांडं नसून चांगलं चाळीस लिटरचं, खाली तोटी असलेलं पातेलं असतं. ते ॲल्युमिनियमचं घ्यावं की स्टेनलेस स्टीलचं?

असे निर्णय भावनेच्या भरात घेऊ नयेत, म्हणून समिती नेमण्यात आली. अध्यक्ष गुरुनाथ. सदस्य निमिष (लाभार्थी असल्याने मताधिकार नाही). तज्ज्ञ म्हणून चंद्रशेखरकाका, जे नागपूरहून मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी बत्तीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं होतं आणि स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. (दोन्ही बाबी पात्रता म्हणून नोंदवल्या गेल्या.)

दर रविवारी चहानंतर, अशा सतरा बैठका झाल्या. ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, भराभर तापणारं. पण त्यावर चढलेला काळपट थर घासून काढायचा नसतो, कारण तोच धातूला जपतो. हे ऐकून गुरुनाथची बायको सुलेखा आतून म्हणाली, "काळं भांडं काळंच ठेवायचं? माझ्या घरात हे चालणार नाही." तिचं मत 'घरगुती जोखीम : तीव्र' या सदरात टाकण्यात आलं. स्टील जड, महाग, पण कशानेही घासा. शिवाय त्यावर नाव घालता येतं. (हा निकष जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बिअरवाल्याने लावल्याचं आढळत नाही.) ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणतात आणि बिअरमधलं जर्मनांना कळतं, म्हणून त्या बाजूला अर्धा गुण वाढवून मिळाला.

त्रेचाळीस रकान्यांच्या एक्सेलनुसार जूनअखेर स्टील ७१.४ आणि ॲल्युमिनियम ७१.३ असं चित्र होतं. एवढ्याशा फरकावर विसंबणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. फेरमूल्यांकन सुरू झालं.

जुलैत निमिष एकदा म्हणाला, "अरे, कशातही कर ना. मला कुठे चव कळते? एक वीकेंड आपण दोघं मिळून करू, बस." हा समितीच्या कामातला बाहेरचा हस्तक्षेप असल्याने इतिवृत्तातून वगळण्यात आला.

अखेर स्टीलची निवड झाली, तीही एकमताने. (मतदार दोन.) केटल एकोणीस ऑगस्टला दारात आली. निमिष एकोणतीसला निघणार होता. गुरुनाथने दहातून अठ्ठावीस वजा करून पाहिले. तीनदा पाहिले.

निरोपाच्या दिवशी सुलेखाने केटल ताब्यात घेतली. काकांनी कोरायच्या पेनाने केटलवर 'चि. निमिषच्या निरोपाप्रीत्यर्थ' असं नाव घातलं, आणि साठ माणसांना खालच्या तोटीतून मठ्ठा वाढण्यात आला. निमिष दोन ग्लास प्यायला. "हीच तुझी बिअर समजतो, यार," म्हणाला. गुरुनाथ मोठ्याने हसला आणि बर्फ आणतो सांगून गॅरेजमध्ये गेला. त्याला रडू आलं होतं. तसा रकाना एक्सेलमध्ये नव्हता.

ऑक्टोबरात कॅरीहून फोटो आला. खाली लिहिलं होतं : "पहिली बॅच! एकट्याने केली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ये ना." फोटोत निमिष टेबलाशी ग्लास धरून बसला होता आणि मागे शेगडीवर पातेल्याची कड दिसत होती. गुरुनाथने ती बोटांनी मोठी मोठी करून पाहिली. चमक धातूची की दिव्याची, हे ठरेना. त्याने विचारलं, "पातेलं कशाचं?"

याच विषयावर अठरावी बैठक येत्या रविवारी आहे.

टेबलावर दुसरा ग्लासही भरून ठेवलेला होता, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. फोटोत तो ठळक दिसतो, पण समितीच्या नजरेतून सुटला. तुमच्या नजरेतून सुटला नसता, याबद्दल आम्हाला शंका नाही. फक्त एवढंच सांगा, पातेलं कशाचं होतं हे कळेल म्हणून तुम्ही इथवर थांबला नव्हतात ना?